‘गिफ्ट आयटम’ लिहा आणि निवांत झोपा

गमतीच्या वस्तू आयात करायच्या ठरवल्याच असतील, तर सर्वांत आधी टॅरिफ वर्गीकरण (कोणत्या मालाला कोणता कोड, आणि म्हणून किती ड्युटी) नावाची कटकट डोक्यातून काढून टाका. जगातल्या बहुतेक देशांत १९८८ साली लागू झालेली एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टिम) ही मालाला कोड देण्याची पद्धत चालते. चॅप्टर ९७ (त्यातलं ७७ वं पुढेमागे लागेल म्हणून रिकामं ठेवलेलं), सहा आकडी कोड पाच हजारांच्या वर. एवढं कोण वाचत बसणार? पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर एक कोड छापलेला असतोच, तो उचला. तो त्याने त्याच्या निर्यातीसाठी लावलेला असतो, पहिल्या सहा आकड्यांनंतरचं सगळं प्रत्येक देशाचं वेगळं असतं, आणि कोड चुकला तर फरकाची ड्युटी त्याच्या नाही, तुमच्या खिशातून जाते. पण एवढ्यातेवढ्यावर विश्वास उडू देऊ नये.

मालाच्या वर्णनात ‘नॉव्हेल्टी गिफ्ट आयटम, असॉर्टेड’ असं लिहा. ‘पोर्सिलेनचा मग, ३५० मिली, बदकाच्या आकाराचं हँडल, एकेक नग खोक्यात’ असं काही लिहून बसलात, तर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला कार्टन फोडायचं कारणच उरणार नाही. वस्तू कशाची आहे, कशासाठी आहे, बॅटरीवर चालते का, कापड असेल तर मागावर विणलेलं की निटेड आणि त्यात कोणता धागा किती टक्के, हे कागदावर नसलं की क्वेरी येते, सॅम्पल मागवतात, आणि तोवर कंटेनरचं डिटेन्शन (तो अडकवून ठेवल्याचा आकार) आणि गोदामाचं भाडं सुरू होतं. दोन्ही मीटर सुट्टीच्या दिवशीही थांबत नाहीत.

तरी कोड हवाच असेल तर ९५०५ घ्या. सणासुदीच्या आणि करमणुकीच्या वस्तू, जादूचे प्रयोग, चेष्टामस्करीच्या चिजा, सगळं त्यात येतं. एचएसच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये शिंका आणणारी पूड आणि कोटाला लावायचं पाणी उडवणारं फूलसुद्धा नमूद आहे. म्हणजे तुमचा अख्खा कॅटलॉग तिथेच बसणार! त्याच चॅप्टरच्या सुरुवातीच्या टिपांकडे मात्र चुकूनही पाहू नका. तिथे बाहेर काढलेल्यांची लांबलचक यादी आहे: मेणबत्त्या ३४०६ मध्ये, विजेच्या माळा ९४०५ मध्ये, आणि वापरात येणारी ताटंवाट्या-कपबश्यांसारखी भांडी ज्या मालाची बनली त्या मालाच्या चॅप्टरमध्ये. तुमच्या बदकाच्या मगातून चहा पिता येतो ना? मग तो ६९११, आणि पोर्सिलेन नसून साधं सिरॅमिक असेल तर ६९१२. बदक कितीही विनोदी असलं तरी काही उपयोग नाही. शोभेचा बुटका पुतळाही असाच: सिरॅमिकचा ६९१३, प्लॅस्टिकचा ३९२६, लाकडाचा ४४२०, साध्या (मौल्यवान नसलेल्या) धातूचा ८३०६. साचा एक, चेहरा एक, कोड चार.

आता जरा वरच्या पायरीचा माल घेऊ: मांजराच्या आकाराची प्लॅस्टिकची वस्तू, पोटात घड्याळ, डोळ्यांत एलईडी दिवा. घड्याळ म्हणजे ९१०५, दिवा म्हणजे ९४०५. इथे एचएसच्या वर्गीकरण-नियमांतला तीनचा ‘ब’ सांगतो की वस्तूला तिचं मूळ स्वरूप कशामुळे येतं ते बघा: कोणत्या भागाची किंमत जास्त, वजन जास्त, गिऱ्हाईक ती कशासाठी घेणार. हे ठरवायला भागवार किंमतपत्रक लागतं, म्हणून ते पुरवठादाराकडून मुळीच मागू नका. काहीच ठरेना तर तीनचा ‘क’ आहे: सारख्या दावेदारांत जो आकड्याने शेवटी येतो तो. म्हणजे मांजर दिवा ठरतं. ज्या नियमसंग्रहाने हजारो वस्तूंच्या व्याख्या घासूनपुसून केल्या, तो शेवटी आकड्यांच्या रांगेवर निकाल देतो, ही मला त्यातली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते.

गिफ्ट सेटचं तर सोपंच. एका खोक्यात पेन, चॉकलेट, मोजे आणि टॉर्च कोंबा आणि सर्वांना मिळून सर्वांत कमी ड्युटीचा कोड लावा. सेट म्हणायला तीन अटी आहेत: वेगवेगळ्या हेडिंगच्या (चार आकडी कोडच्या) किमान दोन वस्तू, एकाच गरजेसाठी किंवा कामासाठी एकत्र केलेल्या, आणि पुन्हा पॅक न करता थेट ग्राहकाला विकता येतील अशा. तुमचं खोकं मधल्या अटीवर आपटतं, कारण मोजे घालून टॉर्चच्या उजेडात चॉकलेट खाणं हे अजून कुणी एक काम मानलेलं नाही. मग प्रत्येक वस्तूचा कोड वेगळा, ड्युटी वेगळी आणि किंमतही वेगळी दाखवा. इनव्हॉइसवर तर एकच आकडा आहे.

वेशभूषेचे पोशाख आणणार असाल तर शिंप्याला ताकीद द्या की शिवण चांगली घालू नकोस. अमेरिकेत पातळ, चार वेळा घातल्यावर फाटणारा पोशाख सणाची वस्तू म्हणून ९५०५ मध्ये मूळ ड्युटीशिवाय जातो. टाके पक्के, कडा दुमडलेल्या, चेन मजबूत असली की तोच पोशाख कपडा होतो. रुबीज कॉस्च्युम कंपनीचा सांताक्लॉजचा सूट याच पायी अडकला. २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्यातला कोट आणि पँट कपड्यांतच ठेवली. गुणवत्तेची इतकी रोख शिक्षा दुसरीकडे क्वचितच मिळते.

वकिलावर खर्च करायचा झाला तर जुने निकाल उत्तम आहेत. २००३ मध्ये टॉय बिझ कंपनी एक्स-मेन या कॉमिक्समधल्या नायकांच्या पुतळ्यांसाठी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात जिंकली. माणसाची प्रतिकृती म्हणजे बाहुली, ड्युटी १२ टक्के. इतर प्राण्याची म्हणजे खेळणं, ६.८ टक्के. कंपनीने सिद्ध केलं की तिचे नायक माणसं नाहीतच. २००७ च्या एचएस दुरुस्तीत बाहुल्यांचं वेगळं हेडिंग ९५०३ मध्ये विलीन झालं, त्यामुळे हा निकाल आज तुमच्या उपयोगाचा नाही. पण कस्टम्सला द्यायच्या उत्तरात तो बिनधास्त जोडा, फाईल जाड दिसते. २०१७ चा स्नगीचा निकालही ठेवा: बाह्या असलेलं पांघरूण कपडा नसून ब्लँकेटच, म्हणून १४.९ ऐवजी ८.५ टक्के. त्या खटल्यात माल ब्लँकेट म्हणून विकला जात होता हेही कामी आलं. तेव्हा तुमच्या खोक्यावर काय छापायचं ते जाहिरातवाल्यांवर सोडा. त्यांनी दिव्याला ‘मुलांचं आवडतं खेळणं’ म्हटलं, तर त्या दिव्याला खेळण्यांचे सुरक्षा-नियमही लावले जाऊ शकतात.

माल निघण्याआधी कस्टम्सकडून लेखी निर्णय मागवण्याची सोय बऱ्याच देशांत आहे. युरोपीय संघात असा निर्णय तीन वर्षं बंधनकारक असतो. अर्जाला नमुना, फोटो, मालाची घटकवारी आणि थोडा धीर लागतो, म्हणून तो करू नका. आधी माल निघू द्या, मग कोड शोधू. एकदा कोड चुकीचा ठरला की त्याच कोडवर आलेल्या जुन्या कन्साइनमेंटही उघडल्या जातात. तेव्हा फरक, व्याज आणि दंडाची नोटीस आली की शांतपणे क्लिअरिंग एजंटकडे बोट दाखवा. तो फाईल काढून तुमचाच ईमेल समोर ठेवील, ज्यात तुम्ही लिहिलंय: ‘मागच्या वेळचाच कोड टाका.’