'रडार आंधळं होतं' म्हणणाऱ्या वाचकास

"आधी पुस्तक उघडा, मग लेख लिहा," अशी सुरुवात करून तुम्ही आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित भाग) अभ्यासणाऱ्या रडारांवरच्या माझ्या लेखावर तीन आक्षेप घेतलेत: पेरूतल्या हिकामार्का रडारची फ्रिक्वेन्सी चुकली, भूचुंबकीय वादळात (सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळीत) रडार आंधळं होतं हे मी 'लपवलं', आणि जीपीएस असताना रडारचं एवढं कौतुक कशाला.

पहिला मान्य. हिकामार्का ५० मेगाहर्ट्झचं, ५३ आंध्रातल्या गादंकीच्या रडारचं. सरमिसळ झाली, दुरुस्त केली. आभार. (पुस्तकाचा उपदेश न करताही हे सांगता आलं असतं.)

आता 'लपवलं'. हा शब्द मला लागला. लपवलं म्हणजे माहीत असून दडवलं, असंच ना? अहो, आंधळं होतं ते कुठलं रडार? सुपरडार्न या आंतरराष्ट्रीय जाळ्यातली रडारं ८ ते २० मेगाहर्ट्झवर चालतात. वादळात ध्रुवांकडच्या भागात वेगवान कण १०० किलोमीटरच्याही खाली घुसतात, तिथले इलेक्ट्रॉन वाढतात आणि हवेच्या रेणूंवर आदळत लहरीची ऊर्जा खाऊन टाकतात. प्रतिध्वनी हरवतो. खरं आहे. पण माझा लेख सुपरडार्नवर नव्हताच! हे शोषण साधारणपणे फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. अलास्कातलं पोकर फ्लॅटचं रडार ४४९ मेगाहर्ट्झवर आहे. १२ मेगाहर्ट्झच्या तुलनेत त्याला हा फटका १४०० पटींनी कमी बसतो. गणित करून पाहा. उलट वादळातच ते कामाला येतं. विद्युतक्षेत्र आयनांना हवेतून रेटतं, त्या घर्षणाने आयन तापतात, आणि ते तापमान उंचीनुसार परतलेल्या लहरीच्या वर्णपटात वाचता येतं.

आणि ब्लॅकआउट, म्हणजे शोषणामुळे प्रतिध्वनी असा गडप होणं, मला शिकवू नका. विद्यार्थी असताना मी उच्च अक्षांशांवरच्या केंद्रांच्या आयनोग्राम फिल्म (आयनोस्फिअरवरून परतलेल्या लहरींचे आलेख) महिनोन्महिने हाताने वाचल्यात. वादळात फिल्म कोरी निघायची आणि रकान्यात आकड्याऐवजी 'बी' लिहावं लागायचं. बी म्हणजे शोषण. असे किती 'बी' लिहिले, त्याची मोजदाद नाही. तुम्ही किती लिहिलेत?

जीपीएसचं म्हणाल, तर ते उपग्रहापासून रिसीव्हरपर्यंतच्या इलेक्ट्रॉनांची बेरीज देतं. वादळात आयनोस्फिअरचा थर किती वर उचलला गेला, हे त्या एका बेरजेतून कळत नाही. रिसीव्हर जगभर हजारो आहेत आणि रडारं हातावर मोजण्याइतकी, हा तुमचा मुद्दा वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

पुढच्या वेळी रडारचं नाव घालून लिहा. नुसतं 'रडार' असं मोघम लिहिलंत तर उत्तर देणार नाही.