ग्रंथपाल नाही, पण क्यूआर कोड आहे

आज मुलीच्या शाळेत पालकसभा होती. नववीची. बसून बसून पाठ अवघडली आणि डोकं तापलं ते वेगळंच. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

तर सभेत एक स्लाइड आली. "आपली लायब्ररी आता डिजिटल!" टाळ्या पडल्या. मग हळूहळू तपशील बाहेर आले. ग्रंथालयाच्या खोलीत स्मार्ट बोर्ड बसणार, पुस्तकांची कपाटं जिन्याखाली जाणार, आणि व्हरांड्यात क्यूआर कोडचं भलंमोठं पोस्टर लागलंय. कोड स्कॅन करायचा की वाचनाच्या लिंकांची यादी उघडते. फक्त शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे. दप्तरात सापडला तर पालकांना बोलावणं येतं. पोस्टर शाळेत, फोन घरी! एका बाबांनी हे विचारलंच, तर उत्तर मिळालं, "ग्रुपवर फोटो टाकू ना." बाबा गप्प बसले.

मी विचारलं, ग्रंथपाल कोण आहे आता? आधीचे सर अर्धवेळ होते, ते निवृत्त झाले, जागा भरलेली नाही. चार्ज संगणकाच्या मॅडमकडे. आणि लायब्ररीचा तास? तो गणिताला दिलाय. "नववी म्हणजे दहावीचा पाया ना, मॅडम." हे वाक्य म्हटलं की महाराष्ट्रात कुठलाही तास कुणाकडूनही काढून घेता येतो. आधी चित्रकला जाते, मग खेळ, मग लायब्ररी.

घरी येऊन यादी उघडली आणि खरा संताप तिथे आला. कारण यादी चांगली आहे हो! टाकाऊ असती तर दोन शिव्या घालून झोपले असते. बालभारतीच्या 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक आहेत, फुकट. मराठी विश्वकोश आहे. अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ आहे, काडेपेटी आणि सायकलच्या ट्यूबमधून विज्ञान शिकवणारा माणूस, त्यांनी जमवलेली कितीतरी मराठी पुस्तकं तिथे पडून आहेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, म्हणजे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ, आहे. साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं आहेत. आयआयटी खरगपूरनं उभी केलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे, जी 2018 मध्ये देशाला अर्पण झाली. आमच्या वेळी यातलं एक कपाटभर जरी मिळालं असतं तरी आम्ही शाळेतच मुक्काम केला असता.

मुलीला बोलावलं. म्हटलं, बघ. तिनं खरगपूरवाली लिंक उघडली. वरती शोधायची चौकट. कर्सर लुकलुकतोय. ती माझ्याकडे बघते.

"आई, यात काय टाकू?"

मी "तुला आवडेल ते" म्हटलं. तिनं खांदे उडवले आणि फोन परत दिला. चौदा वर्षांच्या पोरीला काय हवंय ते आधीच माहीत असतं, असं कोणी सांगितलं?

मला तरी कुठे माहीत होतं? कराडजवळच्या आमच्या गावात मी आठवीत असताना परसातल्या सरपणाच्या ढिगाखाली साप निघाला. जाड, तपकिरी, अंगावर गोल गोल ठिपके. काका म्हणाले, अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही. त्याला काठीनं डिवचून पोरांना दाखवत होते. साप कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कारत होता आणि काका हसत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत मी मैत्रिणीला हे रंगवून सांगत होते. आमचे ग्रंथपाल सर (ते फीच्या पावत्याही फाडायचे, निम्मा दिवस क्लार्क) पलीकडून ऐकत होते. त्यांनी पावतीपुस्तक मिटलं, कपाट उघडलं, विश्वकोशाचा एक जाडजूड खंड काढला आणि 'घोणस' या नोंदीवर बोट ठेवून माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "वाच. घरी मिळणार नाही, संदर्भग्रंथ आहे. इथेच उभी राहून वाच."

पाठीवर ठिपक्यांच्या तीन रांगा. मोठ्यानं फुत्कारतो. जहाल विषारी. शिवाय अंडी न घालता थेट पिल्लंच देतो, याचं मला विषापेक्षाही जास्त आश्चर्य वाटलं होतं. मधली सुट्टी संपली तरी मी तिथेच.

मी सरांकडे काहीच मागितलं नव्हतं, बरं का. माझा काही प्रश्नच नव्हता. काकांनी सांगितलंय म्हणजे अजगर, विषय संपला होता माझ्यासाठी. सरांनी माझ्या बडबडीतून प्रश्न उचलला, कारण ते तिथे होते आणि कपाटात काय आहे हे त्यांना पाठ होतं. तोच विश्वकोश आज माझ्या मुलीच्या हातातल्या फोनवर आहे, घरी न्यायचीही बंदी नाही, आणि ती तो कधीही उघडणार नाही.

रंगनाथन हे नाव ग्रंथालयवाल्या मित्रमैत्रिणींना सांगायला नको. गणिताचा प्राध्यापक माणूस, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडून गेला. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. आणि चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. पोस्टर करणाऱ्याला हा चौथा नियम कुणीतरी मोठ्या अक्षरात छापून द्या. 12 ऑगस्टला त्यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन करायचा, 15 ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, मुलांना मैदानात ओळीनं बसवून हातात पुस्तकं द्यायची, फोटो काढायचे, वरती पाठवायचे आणि पुस्तकं परत कपाटात. कुलूप! मुलीला विचारलं, गेल्या वेळी काय वाचलंस? म्हणाली, हातात स्काउटचं पुस्तक आलं होतं, उलटं धरलं होतं, कुणी बघितलं नाही.

हो, मान्य आहे, आमच्या त्या कपाटातली निम्मी पुस्तकं कसर खात होती आणि पुस्तक हरवलं तर दंड होईल म्हणून ती मुलांना देतच नसत. आणि ज्या वाडीवरच्या शाळेत कपाटच नाही, तिथे फोनवरचा 'किशोर' ही चैन नव्हे, तेच ग्रंथालय. बरं. पण मुलीच्या शाळेत कपाट होतं, खोली होती, तास होता. ते सगळं काढून लिंक दिली. लिंक जास्तीची द्यायची की बदल्यात?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकंसुद्धा हवीत, असं स्पष्ट लिहिलंय. हा कायदा आठवीपर्यंतचा. म्हणजे नववीत गेलं की गोष्टी वाचायची गरज संपते वाटतं. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला 5 ते 20 हजार रुपये मिळतात. पुस्तकं येतात त्यातून. पण ती मुलाच्या हातात ठेवणारं माणूस त्या पैशात येत नाही, आणि ग्रंथपालाचं पद पटसंख्येच्या गणितात अडकलेलं. पट कमी, पद अर्धं. आमच्या सरांनी निम्म्या दिवसात जे केलं ते आठवलं की वाटतं, अर्धवेळ तरी द्या!

संगणकाच्या मॅडमवर माझा अजिबात राग नाही, हे नीट वाचा. सभेनंतर भेटले त्यांना. लॅब, निकालाची ऑनलाइन भरती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि वर हे ग्रंथालय. ती यादी त्यांनीच केलीये, रात्री घरी बसून, स्वतःच्या मुलांना झोपवून. एकेक लिंक चालते की नाही ते तपासलंय. "मला वाटलं कुणी उघडणारच नाही," म्हणाल्या. मला एकदम भरून आलं. इतक्या मेहनतीनं केलेली गोष्ट, आणि ती मुलांपुढे ठेवायला त्यांना आठवड्यात एक तास नाही.

त्यांच्याकडे तास असता तर? त्याच स्मार्ट बोर्डवर पंधरा मिनिटं एक गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि शेवटचं पान न वाचता बोर्ड बंद करायचा. बघा, घरी जाऊन किती मुलं लिंक शोधतात. 'किशोर'च्या जुन्या अंकातली दोन पानं छापून फळ्याशेजारी टाचायची. वर्गात बिबट्याच्या बातमीवर वाद झाला, तर तिथल्या तिथे विश्वकोशातली नोंद उघडायची, जशी माझ्यापुढे घोणस उघडली. जाता जाता सांगते, काकांना ते मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी "पुस्तकात काहीही छापतात" म्हणून उडवून लावलं. पण सरपण काढायला त्यानंतर काठी घेऊनच जायचे, आणि डिवचणं बंद.

मुख्याध्यापकांना पत्र लिहिलंय. तीन मागण्या आहेत. लायब्ररीचा तास परत द्या, कपाटं जिन्याखाली नेऊ नका, आणि पद भरेपर्यंत आम्ही पालक आळीपाळीनं शनिवारी येऊन बसतो, खोलीची किल्ली द्या. नववीच्या पालकांपैकी ज्यांना सही करायची असेल त्यांनी इनबॉक्समध्ये या. जे "काळाबरोबर बदलायला हवं" लिहायला बसलेत त्यांनी वरचं पुन्हा वाचा, मी फोन फेकून द्या असं कुठेही म्हटलेलं नाही.

आणि कमेंटमध्ये नववीतल्या मुलाला देण्यासारखं एकेक सुचवा, पुस्तक किंवा ऑनलाइन काहीही, पण कोणत्या मुलाला द्याल आणि का, तेही लिहा. क्रिकेटवेडा, गप्प गप्प राहणारी, भांडखोर, कसाही असो. नुसती लिंक टाकलीत तर डिलीट करीन.