स्लॅबमध्ये आहे म्हणून डोळे झाकू नका

नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश सतत फिरतो: ‘पीसीजीएस किंवा एनजीसीच्या स्लॅबमधलं नाणं डोळे झाकून घ्या. ते शंभर टक्के अस्सल असतं, ग्रेड पक्की असते, साफ केलेलं नाणं स्लॅबमध्ये जातच नाही आणि विकताना स्लॅबचा खर्च वसूल होतो.’ पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून त्यांना दर्जा, म्हणजे ग्रेड, देणाऱ्या अमेरिकी संस्था. स्लॅब म्हणजे त्यांनी नाणं सीलबंद केलेली, लेबल लावलेली प्लास्टिकची डबी. त्या संदेशातलं एकही वाक्य पूर्ण खरं नाही. नव्या संग्राहकाचे पैसे बुडतात ते यातल्या न सांगितलेल्या भागात.

‘शंभर टक्के अस्सल’

या दोन्ही अमेरिकी संस्थांची अस्सल-नकली ओळखण्याची क्षमता चांगली आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण स्लॅबच नकली असू शकतो. बनावट डबी करणारे खऱ्या नाण्याचा प्रमाणपत्र क्रमांक उचलून लेबलवर छापतात. त्यामुळे ‘क्रमांक वेबसाइटवर सापडला’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. संस्थेचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. डबीवरचा क्यूआर कोड बनावट पानावर नेऊ शकतो. मग तिथला फोटो आणि हातातलं नाणं शेजारी ठेवून पाहा: गालावरचा ओरखडा, कडेचा ठोका, काळपट छटेची सीमा. अशा तीन-चार खुणा तंतोतंत जुळायला हव्यात. साल आणि राजाचा चेहरा जुळणं पुरेसं नाही. नोंदीत फोटोच नसेल, तर विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे आणि डबीच्या कडांचे जवळून काढलेले फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच थांबवा.

सातवाहन, क्षत्रप वगैरे प्राचीन नाण्यांच्या बाबतीत तर हा दावा सरळ चुकीचा आहे. एनजीसीचा प्राचीन नाण्यांचा विभाग अस्सल वाटणारीच नाणी स्वीकारतो, पण अस्सलपणाची किंवा ओळखीची हमी देत नाही. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

‘ग्रेड पक्की असते’

ग्रेड म्हणजे मत आहे. जाणत्या माणसांचं असलं, तरी मतच. ७० गुणांची ही पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लावली गेली. एमएस (‘मिंट स्टेट’, म्हणजे न वापरलेलं नाणं) ६४ आणि एमएस ६५ यांतला फरक दोन-चार बारीक ओरखड्यांचा आणि झळाळीचा असतो, किमतीतला फरक मात्र अनेकदा दुपटीचा. म्हणूनच वरच्या ग्रेडच्या आशेने डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवण्याचा उद्योग चालतो. ग्रेड खरोखर पक्की असती, तर हा उद्योग टिकलाच नसता. १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर आक्षेप घेतला, तोही वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण ग्रेडिंगच्या जाहिरातींवरच, आणि ते प्रकरण तडजोडीने मिटलं.

या पुनःपुन्हा पाठवण्यामुळे ‘पॉप्युलेशन रिपोर्ट’ही (कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली, याची संस्थेची यादी) फुगतो, कारण जुनं लेबल परत न केल्यास एकच नाणं दोनदा मोजलं जातं. याच्या उलट, ज्या स्वस्त नाण्यावर कुणी ग्रेडिंगची फी खर्चच करत नाही, त्याची संख्या ‘१’ दिसते. ते ‘टॉप पॉप’, म्हणजे यादीतलं सर्वांत वरच्या ग्रेडचं नाणं, म्हणून विकलं जातं. ते दुर्मिळ नसतं, फक्त कुणी पाठवलेलं नसतं.

‘साफ केलेलं नाणं जातच नाही’

जातं. लेबलवर अंकाऐवजी ‘डिटेल्स’ असा शब्द आणि पुढे कारण येतं. आपल्याकडे चांदीचे रुपये चिंचेने, राखेने, टूथपेस्टने घासले जातात. अनेक रुपयांना दागिन्यासाठी कडी जोडलेली असते आणि नंतर ती काढून टाकलेली असते. म्हणून लेबल शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. ‘रीस्ट्राइक’ हा शब्दही तिथेच सापडतो: टांकसाळीने संग्राहकांसाठी नंतर पाडलेली प्रत, जिची किंमत मूळ नाण्याहून खूप वेगळी असते. नाणं एकाच दिव्याखाली तिरपं करून फिरवा. घासल्याच्या समांतर रेषा नाण्याच्या पृष्ठभागावरच दिसतात. प्लास्टिकवरचा ओरखडा वरच्या पातळीवर असतो आणि डोकं हलवलं की नाण्यावरून सरकल्यासारखा वाटतो.

‘खर्च वसूल होतो’

फी, दोन्ही वेळचं टपाल, विमा आणि मध्यस्थाचं कमिशन मिळून साध्या रुपयाच्या किमतीपेक्षा जास्त भरतात.

इथे त्याहून गंभीर गोष्ट कुणी सांगत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. व्हिक्टोरियाचा रुपया ‘फक्त ग्रेडिंगला पाठवतो, परत येणारच आहे’ म्हणणाऱ्या मध्यस्थाकडे देऊ नका.

डबीबाहेरचा असा रुपया घरी बराच तपासता येतो. प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबायला हवा. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेलचं नाणं १.३ च्या आसपास दाखवेल. नाणं झिजलेलं असेल, तर त्याचं कोरडं वजन ते बुडवल्यावर काट्याने दाखवलेल्या आकड्याने भागा, १०.३ च्या जवळ उत्तर आलं पाहिजे.

ही चाचणी १९३९ च्या दुर्मिळ रुपयाला मात्र पुरत नाही. १९३८ चा रुपयाही त्याच वजनाचा, त्याच चांदीचा. त्यातला ८ खरवडून ९ केला तर काटा काहीच सांगणार नाही. दहापट भिंगाखाली शेवटच्या अंकाभोवतीचा सपाट भाग खरवडलेला दिसते का, ते पाहावं लागतं. हे नाणं अजून शंभरीच्या आत आहे, त्यामुळे पुरावस्तू कायदा त्याला लागू होत नाही. ग्रेडिंगची फी सार्थकी लागते ती अशाच नाण्यावर.