बुटांचा रिकामा खोका

रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं. पोरगं एकदाचं झोपलेलं, मी नुकती पाठ टेकलेली, आणि ग्रुपवर टिंग. 'प्रिय पालक, उद्या पाल्यासोबत बुटांचा रिकामा खोका, रंगीत कागद व वर्षभरातील पाच छापील फोटो पाठवावेत. माझे वर्ष हा उपक्रम घ्यायचा आहे. पालकांचा सहभाग अपेक्षित.'

छापील! रात्री पावणेदहाला! माझ्या माळ्यावर काय छापखाना आहे?

आणि रिकामा खोका कुणाच्या घरात असतो हो? होता एक. परवाच आवराआवरीचं भूत अंगात शिरलं आणि टाकून दिला. मग नवऱ्याचे जपून ठेवलेले बूट बाहेर काढले. तो विचारतो, "माझे बूट उघड्यावर का?" म्हटलं, सहभाग अपेक्षित आहे. फोटो जुन्या अल्बममधले ओढून काढले. एकात तो तीन वर्षांचा आहे. असू दे, बघतंय कोण. मग चिकटपट्टी. त्या रिळाचं टोक सापडतं का कधी? नखाने चाचपत तीन चकरा मारल्या, सापडलं ते उभं फाटत गेलं. खोका सजून उभा राहिला तेव्हा सव्वाअकरा झाले होते, आणि माझ्या कपाळावर चमकी होती. चमकीचा शोध ज्याने लावला त्याच्या घरात ती जन्मभर निघत राहो.

आता ऐका. याच शाळेने सोमवारी दोन पानी पत्रक पाठवलंय: वर्षअखेरीस मुलांना आधार कसा द्यावा. दिनक्रम मोडू नका. बदलांची पूर्वकल्पना द्या. झोप पूर्ण होऊ द्या. झोपेचं मला शिकवू नका, मला पाठ आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. आमचा उठतो सहाला. म्हणजे अगदी किमान हिशोब धरला तरी नऊला गाढ झोपलेला हवा. आणि तुमचा मेसेज ९:४० ला! तो तरी झोपला होता म्हणून बरं. ज्यांची जागी होती त्यांच्या घरी रात्री काय रामायण झालं असेल ते मी बघितलं नाही, पण ऐकू आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोका परत. कोरा. म्हणजे मी चिकटवलेलं सगळं होतं, पण शाळेत एक रेघही ओढलेली नाही. "बाई म्हणाल्या वेळ नाही मिळाला, घरी पूर्ण करा."

घरी पूर्ण करा! जसं स्नेहसंमेलन घरी पूर्ण केलं. तीन आठवडे सराव, आणि पोरगं झाड. मागच्या रांगेतलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, त्याचा तीन आठवडे सराव! तोवर पुस्तक अर्ध्यात, आणि आता शेवटच्या पंधरा दिवसांत उरलेले धडे भरधाव. वर 'अपूर्ण वह्या पूर्ण करून पाठवाव्यात.' दुसरीतल्या मुलाच्या वहीत आईच्या वळणाचं अक्षर शोभत नाही, म्हणून मी डाव्या हाताने लिहिलंय. मला शेरा मिळाला, 'अक्षर सुधारा.'

संतापाने ग्रुपवर लिहायला बसले. चांगला सणसणीत मजकूर झाला होता. पुरावा म्हणून तो खोक्याचा मेसेज शोधायला वर सरकत गेले, तर काय, मूळ मेसेज तीन दिवसांपूर्वी दुपारी आलेला. रात्रीची होती ती आठवण. मूळ मेसेजखाली जोडलेले हात आणि अंगठे यांची ही रांग. त्यात एक अंगठा माझा.

मजकूर पुसला.

पण म्हणून ९:४० ला आठवण करायची? नाही, मी मागे हटणार नाही.

शिवाय त्या दिवशी सकाळी मी ओरडले ते पोरावरच. "आधी का नाही सांगितलंस?" त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. तसाही गेले पंधरा दिवस तो कशानेही रडतो. पेन्सिलीचं टोक मोडलं, रड. मोज्याची शिवण बोटाला टोचली, रड. शाळेत म्हणे अगदी शहाणा. तिथे दिवसभर धरून ठेवायचं आणि दारात आला की आईवर सोडायचं. वर पाहुणे येऊन गाल ओढणार, "आता तिसरी! आता खेळ बंद हं!" अरे, कुणी विचारलं तुम्हाला? त्याला आधीच धास्ती आहे. तुकड्या बदलणार आहेत, शेजारी बसणारा मित्र दुसऱ्या वर्गात जाईल असं कुणीतरी त्याला सांगितलंय. शाळा निकालानंतर कळवणार. पूर्वकल्पना द्या म्हणे!

काल रात्री खोका उचलायला गेले, बूट परत ठेवावेत म्हणून. तर त्यात सामान. अर्धा खोडरबर, त्यावर मित्राचं नाव. टोपण नसलेला स्केचपेन. बाईंनी 'छान' लिहिलेला कागदाचा फाटका कोपरा. "हे काढू नकोस," म्हणाला. मग अंधारात विचारतो, "बाई येणार ना तिसरीला?"

नाही येणार. मला माहितीये. पत्रकातला दुसरा मुद्दा समोर नाचत होता, आणि मी काय म्हटलं? "बघू हं. झोप आता."

पावणेदहा झाले होते.

आणि हो, खोका आला पण झाकण शाळेतच राहिलंय. ग्रुपवर मी विचारणार नाही. बूट अजून उघड्यावरच आहेत.