ऑडिटमध्ये काहीच सापडू नये म्हणून

क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करणारा, कोड तपासायला आलाय आणि शुक्रवारी सहाच्या आत घर गाठायचंय? रँडम नंबर जनरेटरचं आउटपुट फाइलमध्ये ओता, सांख्यिकीय चाचण्या लावा, 'पास' लिहा. कोडमध्ये चोरवाट (बॅकडोर) ठेवणारा काही अडाणी नसतो; ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते आकडे रँडमच दिसणार. आणि किल्ली तुमच्याकडे नाहीच.

कोडमधले ठरीव आकडे, म्हणजे स्थिरांक, आले कुठून, हे विचारू नका. ड्युअल ईसी या रँडम नंबर जनरेटरमध्ये असे दोन स्थिरांक: वक्ररेषेवरचे पी आणि क्यू हे बिंदू. त्यांच्यातलं नातं ठाऊक असलेल्याला ३० बाइट आउटपुट पुरतं. कापून टाकलेल्या १६ बिटांसाठी ६५,५३६ शक्यता चाळल्या की पुढचे सगळे आकडे हातात. शुमो आणि फर्ग्युसन या संशोधकांनी हे २००७ सालीच दाखवलं होतं. तरी ज्युनिपर कंपनीच्या फायरवॉलवर चालणाऱ्या स्क्रीनओएसमध्ये २०१२ साली कुणीतरी गुपचूप क्यू बदलला आणि ते जाहीर व्हायला डिसेंबर २०१५ उजाडलं. हेक्स आकड्यांची ओळ वाचतो कोण!

स्क्रीनओएसमध्ये ड्युअल ईसीचं आउटपुट पुढे दुसऱ्या जनरेटरमधून जातं, असं सांगितलं की मान डोलवा. कोड उघडलात तर फसलात. दुसरा जनरेटर फिरवणाऱ्या लूपचा काउंटर ग्लोबल, म्हणजे कुठल्याही फंक्शनला बदलता येणारा. लूपच्या आधी रीसीडचं (जनरेटरला नवं बीज देणारं) फंक्शन चालतं आणि जाता जाता त्याच काउंटरमध्ये ३२ ठेवून जातं. लूपची अट ३१ पर्यंतची. म्हणजे दुसरा जनरेटर एकदाही फिरत नाही, आणि बफरमधून ड्युअल ईसीचा कच्चा माल थेट बाहेर! ज्या आवृत्तीत ड्युअल ईसी आलं, त्याच आवृत्तीत व्हीपीएनच्या जोडणीतला नॉन्सही (उघडपणे पाठवला जाणारा, एकदाच वापरायचा रँडम आकडा) २० बाइटांवरून ३२ झाला: ३० हल्लेखोराच्या कामाचे, उरलेले दोन पडताळ्याला. योगायोग म्हणा आणि पुढे चला.

स्ट्रिंग चाळताना टक्का-एस, टक्का-यू (%s, %u) दिसलं की डीबगचा मेसेज समजून सोडून द्या. याच स्क्रीनओएसमध्ये कुठल्याही खात्याला चालणारा पासवर्ड नेमका त्या वेषात बसला होता.

रिलीजचा टारबॉल (वाटपासाठी बांधलेलं फाइलींचं गाठोडं) गिटमधल्या मूळ कोडशी ताडून बघणं तर निव्वळ रिकामटेकडेपणा. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० मध्ये चोरवाट जागी करणारी ओळ फक्त टारबॉलमधल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये होती आणि खरा ऐवज टेस्ट फाइलींत. एसएसएच लॉगिनला (दूरच्या सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय? नेटवर्कला शिव्या घाला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनी तसं केलं नाही, खणत बसले, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. त्या दिवशी शुक्रवारच होता, तोही गुड फ्रायडे. सहाला घरी जायचं कितीजणांचं राहिलं असेल!