व्हिडिओ अडकतो म्हणून ग्राफिक्स कार्ड ओव्हनमध्ये घालू नका

‘जुन्या ग्राफिक्स कार्डावर व्हिडिओ अडकतोय? हे पाच उपाय करा, कार्ड नव्यासारखं चालेल’ असा एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कार्ड जुनं झालं की चिपखालचं सोल्डर (चिप बोर्डाला जोडणारा धातू) सैल होतं आणि म्हणून व्हिडिओ अडखळतो. त्यावर उपाय म्हणजे कार्ड २०० अंशांवर दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत) यांचा पॅक टाका, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) अपडेट करणारं एखादं सॉफ्टवेअर चालवा, हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन (व्हिडिओचं काम प्रोसेसरऐवजी कार्डाकडे देण्याची सोय) कायमचं बंद करा आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत सेटिंग्जच्या यादीत) जाऊन व्हिडिओ मेमरी वाढवा.

माझ्या मावसभावाने हे वाचून कार्ड स्लॉटमधून काढलंसुद्धा, आणि ओव्हन आधी किती वेळ तापवायचा हे विचारायला मला फोन केला. त्याचे गेम नीट चालत होते, डेस्कटॉप स्वच्छ दिसत होता, अडखळत होते ते फक्त ब्राउझरमधले व्हिडिओ. धडधाकट कार्ड तो भाजायला निघाला होता. अशी आणखी किती कार्डं भाजली गेली असतील याचा विचार करूनच संताप येतो.

तेव्हा आधी ओव्हन. २००६नंतरच्या बहुतेक कार्डांवर शिसं नसलेलं सोल्डर असतं आणि ते साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं. म्हणजे मेसेजमधल्या २०० अंशांना ते वितळतच नाही! कार्ड त्याहून जुनं असेल तर शिशाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं, आणि बोर्डाच्या खालच्या बाजूचे सुटे भाग गळून पडू शकतात. कारखान्यात हे काम ठरलेल्या चढउताराने, सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवून होतं. घरच्या ओव्हनचं तापमान सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी वरखाली होत राहतं. पंखा, प्लास्टिकचं आवरण आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आधी काढा, एवढंही त्या मेसेजमध्ये नाही. तापलेल्या प्लास्टिकचा आणि सोल्डरसोबत वापरलेल्या फ्लक्स या रसायनाचा धूर ज्या ओव्हनमध्ये कोंडतो, त्यातच उद्या घरातली माणसं खायचं शिजवणार आहेत. हे लिहिणाऱ्याला याचं काहीच वाटलं नाही?

मग काहींची कार्डं भाजल्यावर चालली कशी? चाललीही असतील. जुलै २००८मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या पॅकेजिंगचं साहित्य कमकुवत असल्याचं मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तसल्या चिपांमध्ये तडकलेला जोड उष्णतेने थोडे दिवस पुन्हा टेकतो, आणि पुन्हा सुटतो. पण तो दोष असला तर पडद्यावर रंगीत चौकोन, उभ्या रेघा दिसतात, किंवा काहीच दिसत नाही. आणि हे अनेकदा विंडोज सुरू होण्याआधीच, संगणक सुरू होताना येणाऱ्या बायोसच्या पहिल्या पडद्यापासून. जोड तुटलेलं कार्ड गेम व्यवस्थित चालवून फक्त व्हिडिओवर अडखळत नाही.

व्हिडिओ अडखळण्याचं नेहमीचं कारण वेगळंच आहे. कार्डाच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी स्वतंत्र सर्किट असतं आणि चिप घडवताना त्यात जे कोडेक बसवले, तेवढेच त्याला कळतात. व्हीपी९ हा कोडेक २०१३मध्ये पक्का झाला. २०१२मध्ये आलेल्या एनव्हीडियाच्या जीटीएक्स ६६० कार्डाच्या चिपमध्ये त्याचं सर्किट असणार कुठून? एव्ही१ आला २०१८मध्ये, आणि तो उलगडणारी कार्डं २०२०पासून. एनव्हीडियाच्या डेव्हलपर साइटवर कोणती चिप कोणता कोडेक उलगडते याचा पूर्ण तक्ता आहे. जीटीएक्स ६६० ज्या पिढीतलं, त्या केप्लर पिढीच्या रांगेत एच.२६४ या जुन्या कोडेकपुढे ‘होय’ आहे, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ पुढे ‘नाही’. हा एक तक्ता उघडला असता तर तो मेसेज लिहायची वेळच आली नसती. सर्किटला कोडेक कळला नाही की सगळा भार प्रोसेसरवर जातो, आणि जुन्या कार्डासोबत बहुतेकदा प्रोसेसरही जुनाच असतो.

कोडेक पॅकचा इथे काडीचा उपयोग नाही. क्रोम आणि फायरफॉक्स त्या पॅकमधलं काही वापरत नाहीत, व्हीएलसी प्लेअर स्वतःचे डीकोडर (व्हिडिओ उलगडणारे प्रोग्राम) घेऊनच येतो, आणि नसलेलं सर्किट सॉफ्टवेअर टाकून उगवत नाही. शिवाय ‘व्हिडिओसाठी कोडेक टाका’ म्हणून व्हायरस गळ्यात मारणं ही जुनी लबाडी आहे. झ्लॉब नावाचा ट्रोजन २००५-०६च्या सुमारास नेमका असाच पसरला.

हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे, हे मानावं लागेल. व्हिडिओ हिरवा दिसत असेल किंवा आवाज चालू आणि चित्र काळं असेल, तर ते बंद करून पाहणं ही योग्य चाचणी आहे. बंद केल्यावर चित्र सुधारलं तर दोष बहुधा ड्रायव्हरच्या डीकोडिंगमध्ये. पण तक्रार अडखळण्याची असेल आणि ते कायमचं बंद केलंत, तर कार्ड जे एच.२६४ सहज उलगडत होतं तेही प्रोसेसरच्या डोक्यावर टाकलंत.

ड्रायव्हरसाठी तिसऱ्याचं सॉफ्टवेअर नको. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ दिसत असेल तर कार्डाचा ड्रायव्हर चाललेलाच नाही. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. केप्लरचे नियमित ड्रायव्हर २०२१मध्ये थांबले, पुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या, त्यामुळे ‘नवीन ड्रायव्हर’ देऊ करणारं सॉफ्टवेअर मुळात काय देणार? रजिस्ट्रीतल्या आकड्याने प्रोग्रामना मेमरी जास्त असल्याचं भासवता येतं, एवढंच. मेमरी वाढत नाही.

आता काय करायचं ते. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या ओळीत एव्ही०१ किंवा व्हीपी०९ असेल आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा चढत असेल, तर कारण हाती आलं. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन टाका, म्हणजे यूट्यूब एच.२६४ पाठवेल. ते सहसा १०८०पीपर्यंतच मिळतं, पण जुन्या कार्डाला तेवढं झेपतं. ६० फ्रेमचा व्हिडिओ तरीही जड जात असेल तर त्याच एक्स्टेन्शनमध्ये ६० फ्रेम रोखण्याचा पर्याय आहे. विंडोज १०च्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) भाग दिसत असेल तर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख पाहा, व्हिडिओ चालू असताना तो हलला तर काम कार्ड करतंय.

एच.२६४ वरही फ्रेम गळत असतील आणि तो आलेख हलत असेल, तर कार्डाचं तापमान बघा, पंख्यातली धूळ काढा, हीटसिंकखालची वाळलेली थर्मल पेस्ट बदला.