एकाहत्तर

मे महिन्यात मोमिनपुऱ्याहून मानेवाड्यापर्यंत स्कूटरच्या डिकीत किलोभर खिमा आणणं, हे नागपुरात स्वयंपाकातच धरायला हवं. डिकी उघडली तेव्हा फक्त मीठ घालायचं बाकी आहे असं वाटलं.

लेक फूड टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पिशवीला हात लावून म्हणाली, "बाबा, बर्फ?" बर्फ घेतला होता. गोळ्याच्या रूपात, आणि तो मी वाटेतच संपवला होता. बाहेर 32 अंशांच्या वर असेल तर कच्चं मांस फार तर एक तास बाहेर ठेवायचं, म्हणे. पारा 44 वर होता. मला मिनिटं 40 लागली होती. खिमा काठावर पास झाला.

साडू एक वाजता येणार होते. अर्ध्या खिम्याच्या टिक्क्या, अर्ध्याचा आईच्या हातचा सावजी रस्सा, असा बेत. पहिल्या टिक्क्या तव्यावर छान तपकिरी झाल्या. मी हात पुढे केला, तर लेकीने एकीच्या कडेतून मधोमध तापमान मोजायची सळई खुपसली. सळईच्या डोक्यावरच्या डबीत आकडा उमटला: 54.

"काय भोसकून राहिली व त्याले?" आई.

"आजी, 71 पाहिजे."

"रंग आला न! रंग आला का शिजला."

इथे आमची तीन पिढ्यांची समजूत कोसळली. खिमा 71 च्या बराच आधी तपकिरी होऊ शकतो, म्हणजे रंग पाहून काहीच कळत नाही. आणि अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरवरच असतात, ते आचेने मरतात. पण खाटकाच्या यंत्रातून मांस दोनदा काढलं की तेच ई. कोलाय, साल्मोनेला वरून आत, थेट पोटात. खिमा "दोनदा काढा" असं बजावून सांगणारा मीच.

मग टिक्क्या चपट्या केल्या, आच कमी, वर झाकण, सारखी उलटापालट. 61. 66. साडू बाहेर कूलरसमोर तिसऱ्यांदा पाणी पीत होते. 69 वर मी देवाला हात जोडले. 72 ला बायकोने ताट उचललं. प्रत्येक टिक्कीला कडेला एक भोक. साडूंनी विचारलं, "मसाला भरला काय आत?"

आई मात्र गालात हसत होती. तिचा रस्सा पाऊण तास रटरटत होता. उकळत्या पातेल्यात सळई घालायची गरजच नाही, हे लेकीनेही कबूल केलं. पण तो विजय रात्रीपर्यंतच टिकला. उरलेलं पातेलं आईने नेहमीसारखं ओट्यावर झाकून ठेवलं. "रातभर मुरते, मग चव येते."

"जंतू मेले, पण काहींचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आजी. रस्सा हळूहळू निवला की तेच जागे होतात."

म्हणजे मुरत होतं ते भलतंच. इतकी वर्षं! रस्सा लवकर निवावा म्हणून रात्री मी घरातले सगळे बसके डबे काढून त्यांत तो वाटत बसलो, निमंत्रण नसलेल्या पंगतीसारखा. फ्रिजमध्ये जागा व्हावी म्हणून आंबे बाहेर आले, त्यावरून बायको वेगळी बोलली.

सकाळी आई ओट्यापाशी उभी. सळई विरजणाच्या दुधात.

"चाळीस दाखवून राहिला," ती म्हणाली. "माह्या बोटाले बी इतकंच लागत होतं."